ऑफिसबाहेरचा बॅकअप निवडताना: आधी परतीचा हिशेब

सोमवारी सकाळी सर्व्हरचं कपाट उघडलं तर तळाशी बोटभर पाणी. वरच्या मजल्यावरची नळी शनिवारी कधीतरी सुटली होती. पाणी दोन दिवस छतातून झिरपत राहिलं आणि उतरलं ते नेमकं आमच्या कपाटावर. होस्ट, म्हणजे ज्या एका मशीनच्या पोटात आमचे सगळे सर्व्हर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणून चालतात तो, बंद. त्याच्या खालच्या फळीवर नॅस (नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं खोकं) होता, रोज रात्री सगळ्या व्हीएमचा बॅकअप त्याच्यावर जायचा. तोही बंद. चार वर्षं एक रात्रही न चुकता बॅकअप होत होता आणि त्याचा मला केवढा अभिमान! फक्त तो मूळ डेटापासून दीड फुटावर होता.

नॅसच्या चार डिस्कपैकी तीन वाळल्यावर चालू झाल्या. रेड-५ (एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा उभा करणारी मांडणी) होतं म्हणून तिघींवर भागलं. यात माझं शहाणपण शून्य.

मी मुळात हिशेबाची बाई. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या सोळा जणांच्या ऑफिसात जमाखर्च बघता बघता सर्व्हरही माझ्या गळ्यात पडले. त्यामुळे ऑफिसबाहेर बॅकअप ठेवायचा ठरला तेव्हा मी तो हिशेबासारखाच करायला घेतला: वेगवेगळ्या सेवांचे दर महिन्याचे, दर टीबीचे भाव एकाखाली एक लिहिले आणि सगळ्यांत लहान आकड्यावर खूण केली. फसले. तो आकडा डेटा ठेवण्याचा होता. परत आणायला काय पडेल, किती वेळ लागेल, आणि अधूनमधून परत आणून बघायचा म्हटलं तर काय पडेल, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. पुढे लिहिते आहे ते दुसऱ्या फेरीतलं.

परत काय हवं, कधी हवं

कुठलीही सेवा बघण्याआधी एक कागद घ्या आणि प्रत्येक व्हीएमपुढे दोन गोष्टी लिहा. ती किती वेळ बंद असली तर चालेल, आणि किती वेळाचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल. हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही, ज्यांचा धंदा आहे त्यांना विचारायचं. मी आमच्या सरांना विचारलं, "फाइल सर्व्हर किती वेळ बंद चालेल?" ते म्हणाले, "अजिबात नाही." मग अजिबात बंद न पडणाऱ्या व्यवस्थेचा खर्च दाखवला. तो बराच वेळ बघून म्हणाले, "एक दिवस चालेल."

आमच्या सहा व्हीएम. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगइन तपासणारं मशीन), फाइल सर्व्हर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रकल्पांचा डेटाबेस, जुन्या मेलचा साठा, आणि एक पुरातन विंडोज मशीन, ज्यावर नकाशाच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स सर्व्हर चालतो आणि ज्याला हात लावायला कोणी धजत नाही. कागद भरताना दोन गोष्टी लक्षात आल्या. डोमेन कंट्रोलर अगदी लहान, पण तो आधी उभा राहिला नाही तर बाकीचे उभे राहूनही कोणाला लॉगइन करता येणार नाही. म्हणजे परत आणण्याचा क्रम असतो, आणि तो आकारावर किंवा महत्त्वावर ठरत नाही, कोण कोणावर अवलंबून आहे यावर ठरतो. दुसरं म्हणजे ते पुरातन मशीन आठवडाभर बंद चालेल, पण गेलं तर नव्याने बसवताच येणार नाही. अशा मशीनची रोज प्रत नको. महिन्यातून एक पुरे, पण ती कधीही पुसली जाता कामा नये. जुन्या मेललाही रोजची घाई नाही. सहाही मशीनना एकच वेळापत्रक लावलं असतं तर निम्मे पैसे नको तिथे गेले असते.

रोज खरंच किती बदलतं

हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आमच्या व्हीएमना मिळून २.४ टीबी जागा दिली होती. त्यातली १.३ टीबी वापरात होती, आणि दाबून (कॉम्प्रेस करून), एकसारखे तुकडे एकदाच ठेवून बॅकअप झाला तो ०.९ टीबीच्या आसपास. सेवा विकणाऱ्यांनी विचारलं की लोक पहिला आकडा सांगतात. तिसरा सांगा.

पण खरा प्रश्न रोजच्या बदलाचा. पहिल्या पूर्ण प्रतीनंतर फक्त बदललेले भाग पाठवायचे, यावरच स्वस्त बॅकअपचा सगळा डोलारा उभा आहे. व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचे कोणते भाग बदलले याची नोंद ठेवण्याची सोय आहे. प्रॉक्समॉक्समध्ये मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की ही नोंद पुसली जाते, आणि पुढचा बॅकअप सगळी डिस्क पुन्हा वाचतो. पाठवतो मात्र नवीन तुकडेच. हे माहीत नसेल तर एखाद्या रात्री बॅकअपला अचानक तिप्पट वेळ का लागला म्हणून डोकं खाजवत बसाल.

माझा अंदाज होता रोज १० जीबी, कारण नवे नकाशे तीन-चार जीबीच्या वर जात नाहीत. दोन आठवडे मोजलं. ६१ जीबी निघाले. नकाशे इतके नव्हते, मग हे कुठून आलं?

शोधलं तेव्हा तीन चोर सापडले. पहिला हिशेबाच्या मशीनमध्ये होता. तिथलं सॉफ्टवेअर रोज रात्री स्वतःच्या डेटाबेसची झिप केलेली प्रत त्याच डिस्कवर टाकत होतं. आत चार नोंदी बदलल्या तरी झिप केल्यावर बाहेरून जवळपास सगळेच बाइट बदलतात, त्यामुळे बॅकअपच्या दृष्टीने रोज एक कोरी करकरीत मोठी फाइल. दुसरा फाइल सर्व्हरवरचं दर रात्री ठरवून ठेवलेलं डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे डिस्कवर एकत्र लावणं. डेटा तोच, पण जागा बदलली, आणि डिस्कच्या पातळीवर बघणाऱ्याला जागा बदलणं म्हणजे डेटा बदलणंच. तिसरा चोर पेजफाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडली की विंडोज तिच्यातलं जिथे ठेवतं ती फाइल. मेमरीतला कचरा आम्ही रोज इमानेइतबारे जपून ठेवत होतो.

उपाय साधे होते. डेटाबेसची प्रत न दाबता वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर टाकायला लावली आणि ती डिस्क व्हीएमच्या बॅकअपमधून वगळली. त्या प्रती फाइल म्हणून वेगळ्या जातात. जीझिप हे दाबायचं साधन वापरायचंच असेल तर त्याचा आरसिंकेबल हा पर्याय लावा, म्हणजे एका जागचा बदल पुढच्या सगळ्या फाइलवर पसरत नाही. डीफ्रॅग बंद. पेजफाइल वेगळ्या डिस्कवर, तीही वगळलेली. शिवाय व्हर्च्युअल डिस्कला डिस्कार्ड (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं खाली कळवणारी सोय) चालू केलं, नाहीतर आत पुसलेल्या फाइलींचे भागही बॅकअप इमानाने वाचत राहतो. रोजचा बदल १४ जीबीवर आला. एक पैसा खर्च न करता बिल उतरलं, आणि तेही कुठलीच सेवा घेतलेली नसताना.

मोजताना महिनाअखेर त्यात येईल असं बघा. आमच्याकडे त्या दोन दिवसांत बदल दुप्पट होतो.

नळी केवढी, पाणी केवढं

एक ठोकताळा पाठ करून ठेवा: १ एमबीपीएसची लाइन तासाला ०.४५ जीबी वाहते. आमचा अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे कागदावर तासाला ९ जीबी. प्रत्यक्षात मी त्याचे सत्तर टक्के धरते, म्हणजे ६.३. रात्रीचे दहा तास मिळाले तर ६३ जीबी. जुने ६१ जीबी त्यात जेमतेम कोंबले गेले असते आणि महिनाअखेरीला सकाळी सगळ्यांचं इंटरनेट रडलं असतं. १४ जीबीला सव्वादोन तास पुरतात.

पहिली पूर्ण प्रत मात्र ९०० जीबी. त्याच वेगाने १४३ तास, म्हणजे रात्रीच चालवलं तर चौदा रात्रींहून थोडं जास्त. म्हणून शक्य असेल तिथे पहिली प्रत डिस्कवर भरून हातानेच पलीकडे न्या. भाड्याची सेवा घेणार असाल तर ते डिस्क स्वीकारतात का, हे आधी विचारा.

आता उलटा हिशेब, जो मी पहिल्या फेरीत केलाच नव्हता. आमचा डाउनलोड १०० एमबीपीएस. सत्तर टक्क्यांनी तासाला ३१.५ जीबी. ९०० जीबी परत यायला साडेअठ्ठावीस तास. सरांनी फाइल सर्व्हरला दिलेला एक दिवस इथेच संपला, आणि अजून मशीन उभंही राहिलेलं नाही. ऑफिसच्या लाइनचीच वाट लागलेली असेल तर हेही तास धरू नका. यातून बाहेर पडायचे दोनच रस्ते आहेत. एक, बाहेरची प्रत अशा जागी ठेवा की गरज पडली तर डिस्कच उचलून आणता येईल. दोन, तिथल्या तिथेच मशीन चालू करता येईल अशी सेवा घ्या आणि तिचे जादा पैसे मोजा. आम्ही पहिला धरला.

हाताशी एक प्रत ऑफिसातच ठेवायची, हे आलंच. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेर. चुकून पुसलेल्या फाइलसाठी बाहेरच्या प्रतीला हात लावायची वेळ येऊ नये. आणि होस्टवरचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची टिपून ठेवलेली स्थिती) या तिघांत मोजू नका. तो मूळ डिस्कच्याच आधाराने उभा असतो. डिस्क गेली की तोही जातो.

ठेवायचं कुठे

सगळ्यांत स्वस्त म्हणजे दोन बाहेरच्या डिस्क आलटूनपालटून घरी नेणं. हसू नका, पाच जणांच्या ऑफिसला हे पुरतं. डिस्क बिटलॉकरने (विंडोजवर) किंवा लक्सने (लिनक्सवर) कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करा, आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी ऑफिसात कधीही नसतील एवढं पाळा. अडचण एकच, माणूस विसरतो. मी तिसऱ्या आठवड्यात विसरले.

पुढचा पर्याय म्हणजे दुसऱ्या जागी स्वतःचं मशीन: मालकाचं घर, दुसरी शाखा, नाहीतर तुमच्यासारखंच एखादं ऑफिस ज्याचा बॅकअप तुम्ही ठेवाल आणि तुमचा ते ठेवतील. जुना पीसी, आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्क, मधे वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा. दर महिन्याचं भाडं नाही, डिस्क उचलून आणता येते. पण डिस्क मेली की बदलायची तुम्हीच, आणि वीज कोणी बंद केली तर जाणार तुम्हीच.

तिसरा पर्याय भाड्याचा ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे इंटरनेटवरचा साठा, जिथे प्रत्येक फाइल किंवा तुकडा एक वेगळी वस्तू म्हणून ठेवला जातो. इथे जाहिरातीतला दर आणि बिल यांत बरंच अंतर असतं, म्हणून अटी नीट वाचा. मला लागलेल्या ठेचा सांगते.

किमान मुदत. वसाबी या सेवेच्या जितकं वापराल तितकं द्या या योजनेत प्रत्येक वस्तूला किमान ९० दिवसांचं भाडं असतं, आणि १ टीबीपेक्षा कमी ठेवलं तरी १ टीबीचं. आम्ही ३० दिवसांच्या प्रती ठेवणार होतो. रोजचे १४ जीबी, ३० दिवसांचे ४२०, मूळ ९०० धरून १.३२ टीबी. पण ९० दिवसांची मुदत लागली की पुसलेल्या तुकड्यांचंही भाडं चालू राहतं: १,२६० अधिक ९००, म्हणजे २.१६ टीबी. बिल दीडपटीहून जास्त. यातली गंमत अशी की पैसे जाणारच असतील तर पुसायचं कशाला? मुदत ९० दिवसांचीच ठेवायची. जुन्या प्रती फुकटात मिळतात आणि तुलना करताना मात्र २.१६ हाच आकडा धरायचा.

परतीचं भाडं. काही सेवा डेटा बाहेर काढायला प्रत्येक जीबीमागे पैसे घेतात, आणि ते ठेवण्याच्या मासिक दराच्या कितीतरी पट असू शकतात. बॅकब्लेझ कंपनीच्या बी२ या साठ्यात महिन्याला साठवलेल्या सरासरी डेटाच्या तिप्पट मोफत काढता येतो. वसाबी वेगळे पैसे घेत नाही, पण महिन्यात साठ्याएवढाच बाहेर काढावा अशी अपेक्षा ठेवते. अटी बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी त्यांचं पान स्वतः वाचा.

सगळ्यांत खालचा तो आकडा, ज्यावर मी खूण केली होती, तो ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हसारख्या थंड साठ्याचा होता. तिथे किमान मुदत १८० दिवस. डेटा मागितल्यावर तो वाचण्याजोगा व्हायला नेहमीच्या मार्गाने १२ तासांपर्यंत लागतात, स्वस्त मार्गाने ४८ पर्यंत. त्यानंतर कुठे डाउनलोड सुरू होणार. आमच्या पुरातन लायसन्स मशीनच्या मासिक प्रतीसाठी हे उत्तम. फाइल सर्व्हरसाठी नाही.

आणि तुकड्यांची संख्या. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर व्हीएमची डिस्क ४ एमआयबीच्या (साधारण ४ एमबीच्या) तुकड्यांत कापतो, १.३ टीबीचे तीन लाखांवर तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पाठवणं, विचारणं, वाचणं यांचे वेगळे पैसे घेणारी सेवा असेल तर ही संख्या बिलात उतरते. सगळे तुकडे शाबूत आहेत का याची तपासणी म्हणजे तर सगळा डेटा परत वाचणं. इथेच माझी निवड बदलली. ज्या सेवेत तपासायला पैसे पडतात तिथे माणूस तपासत नाही. मीच तपासलं नसतं, पुढच्या महिन्यात बघू म्हणत राहिले असते.

पूर्ण सांभाळून देणारी सेवाही असते, तुमची मशीन त्यांच्याकडे तासाभरात उभी करून देणारी. तासाभराच्या खोळंब्यात तुमचं मोठं नुकसान होत असेल तर घ्या, घासाघीस करू नका. आमचं होत नाही.

बाहेर म्हणजे किती बाहेर

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एसबीजी-२ ही इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. म्हणजे माझंच दीड फूट, जरा मोठ्या मापाचं. सर्व्हर भाड्याचे असतील तर बॅकअप दुसऱ्या शहरात, जमलं तर दुसऱ्याच कंपनीकडे ठेवा.

पण आगीपेक्षा जास्त शक्यता खंडणीखोर व्हायरसची, आणि त्याला अंतराचं काही वाटत नाही. बॅकअप सर्व्हर ऑफिसच्या डोमेनमध्ये जोडलेला असला तर डोमेनच्या ॲडमिनचा पासवर्ड चोरणारा बॅकअपही पुसतो. कुंपणच शेत खातं ते असं. तेव्हा बॅकअपचं मशीन डोमेनबाहेर, त्याचे पासवर्ड वेगळे, आणि बाहेरच्या मशीनने आत येऊन प्रत ओढून न्यावी. ऑफिसातल्या मशीनकडे बाहेरचं पुसण्याचा अधिकारच नको. आरक्लोन या फाइली पाठवणाऱ्या साधनाच्या सिंकसारखी दोन्हीकडे सारखं करणारी आज्ञा लावून निवांत झोपू नका. इकडे पुसलं गेलं की ती तिकडेही तितक्याच तत्परतेने पुसते.

भाड्याच्या साठ्यात ऑब्जेक्ट लॉक (ठरलेली मुदत संपेपर्यंत पुसू न देणारं कुलूप) मिळत असेल तर घ्या. त्याचे दोन प्रकार असतात. गव्हर्नन्समध्ये खास अधिकार असलेला माणूस कुलूप काढू शकतो. कम्प्लायन्समध्ये मुदत संपेपर्यंत कोणीच नाही, खात्याचा मालकसुद्धा नाही. पहिल्यांदा लावताना मुदत एक दिवसाची ठेवून बघा. मी चाचणीच्या बकेटला (साठ्यातल्या कप्प्याला) ३० दिवस लावताना एक शून्य जास्त दाबलं. कामाचं काहीही नसलेल्या त्या फाइलींचं भाडं अजून दर महिन्याला जातं आणि दर महिन्याला मी ते "इतर खर्च" मध्ये टाकते.

सॉफ्टवेअर

याचा लोक फार काथ्याकूट करतात. प्रॉक्समॉक्स वापरत असाल तर त्याचाच बॅकअप सर्व्हर, तो मोफत चालतो. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती दहा मशीनपर्यंत मोफत आहे. फाइल-पातळीच्या प्रतींसाठी रेस्टिक किंवा बोर्ग ही साधनं. फक्त व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती असेल तर थांबा: बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारे दरवाजे त्यात बंद असतात, त्यामुळे बहुतेक साधनं तिच्याशी कामच करू शकत नाहीत.

एक गोष्ट मात्र सोडू नका. चालू मशीनची प्रत घेताना आतल्या डेटाबेसला क्षणभर थांबायला सांगावं लागतं. विंडोजमध्ये ते काम व्हीएसएस ही त्याचीच सेवा करतं, केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्स याच्यावरच चालतं) व्हीएमच्या आत बसवायचा गेस्ट एजंट. तो बसवलेला नसेल तर प्रत मिळते ती अचानक वीज गेलेल्या मशीनची. बहुतेकदा उठते. डेटाबेस असलेल्या मशीनच्या बाबतीत "बहुतेकदा" वर मी झोपत नाही, म्हणून डेटाबेसची वेगळी प्रतही ठेवते.

किल्ली, निरोप, कार्ड

ऑफिसबाहेर जाणारा डेटा निघण्याआधीच कुलूपबंद झालेला असावा. मग किल्ली हरवली तर डेटाही गेला, सेवा देणारा काही करू शकत नाही. मी किल्ली पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवली होती. पासवर्ड मॅनेजर होता फाइल सर्व्हरवर. फाइल सर्व्हरचा बॅकअप त्या किल्लीने बंद. हे लक्षात आलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आता किल्ली कागदावर छापलेली आहे. प्रॉक्समॉक्समध्ये त्यासाठी वेगळी आज्ञाच आहे, क्यूआर कोडसकट छापून देते. दोन पाकिटं, दोन घरं.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड ठेवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले तर ॲमेझॉनच्या एस३ या साठ्यातली बकेट रिकामी. डेटाबेसची प्रत काढणारं साधन आवृत्ती जुळत नसल्यामुळे रोज अपयशी होत होतं, आणि ते कळवणारे मेल मेल सर्व्हरच नाकारत होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सुदैवाने कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट घेतला होता. त्यांनी हे सगळं स्वतःच उघडपणे मांडलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

मी त्यातून एवढंच उचललं: चूक झाल्याचा मेल मागू नका, बरोबर झाल्याचा मागा, आणि तो आला नाही तर ओरडणारी वेगळी घंटा ठेवा. आमचं बाहेरचं मशीन सरांच्या घरी जिन्याखाली आहे. गेल्या वर्षी कोणीतरी व्हॅक्यूम क्लीनर लावायला त्याची पिन काढली. दुसऱ्या सकाळी घंटा वाजली. ती नसती तर ते मशीन पुढची साफसफाई होईपर्यंत तसंच बंद राहिलं असतं.

भाड्याचं खातं असेल तर ते एका माणसाच्या मेलवर आणि एकाच्या कार्डावर ठेवू नका. कार्डाची मुदत संपते, सूचना नोकरी सोडून गेलेल्याच्या मेलवर जातात, आणि पैसे थकले की डेटा ठेवायचं बंधन कोणावर नसतं.

आम्ही काय केलं, आणि वहीतली शेवटची नोंद

ऑफिसात प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, आता वेगळ्या खोलीत आणि टेबलावर, फरशीवर नाही. सरांच्या घरचं जुनं मशीन पहाटे दोनला आत येऊन नवे तुकडे ओढून नेतं. हिशेबाच्या आणि प्रकल्पांच्या डेटाबेसच्या प्रती, शिवाय डोमेन कंट्रोलर, एवढंच ऑब्जेक्ट लॉक असलेल्या भाड्याच्या साठ्यात. हे सगळं मिळून लहान आहे, म्हणून काढून तपासायला काही वाटत नाही. पुरातन मशीन थंड साठ्यात महिन्यातून एकदा. जुन्या पीसीच्या नव्या डिस्कचा खर्च सगळा डेटा भाड्याने ठेवला असता त्याच्या साधारण सव्वा वर्षात वसूल झाला.

दर तीन महिन्यांनी चाचणी. एक मशीन निवडायचं आणि बाहेरच्या प्रतीवरून सुट्या पीसीवर उभं करायचं. त्या पीसीचं नेटवर्क मुख्य नेटवर्कपासून तोडलेलं हवं, नाहीतर एकाच नावाचे दोन डोमेन कंट्रोलर एकमेकांशी बोलायला लागतात. उभं राहिलं एवढ्यावर थांबायचं नाही. आत जाऊन कालची फाइल उघडायची, हिशेबात शेवटची नोंद बघायची, आणि सुरुवात ते शेवट लागलेला वेळ वहीत लिहायचा. पहिल्या चाचणीत विंडोजने नवीन नेटवर्क कार्ड समजून ठरवलेला आयपी पत्ता सोडून दिला. दुसऱ्या वेळी सुट्या पीसीची मेमरीच अपुरी पडली. किल्लीच्या पाकिटात मशीन उभं करायच्या पायऱ्यांचा कागदही आहे, दोन्ही गोष्टी आता त्यावर आहेत.

गेल्या खेपेला मी फोन बंद करून बाहेर बसले आणि ऑफिसातल्या सगळ्यांत नव्या मुलाला पाकीट दिलं. तीन तास चाळीस मिनिटांत त्याने डोमेन कंट्रोलर आणि हिशेबाचं मशीन उभं केलं. त्यातली पन्नास मिनिटं सातव्या पायरीवर गेली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "नेहमीचा पासवर्ड टाकणे." ती ओळ मी खोडली आहे आणि दोन्ही पाकिटं बदलली आहेत.